शेठ आधी देतो, सरकार नंतर

दिवाळी उरकली की रायगडमधल्या कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत टेम्पो येतो. टोप-पातेली, गोधड्या, पत्र्याची पेटी, निळं प्लास्टिकचं पिंप, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांत वर पोरं. कुडाच्या घरांच्या दारांना दोरी बांधली जाते. दुपारपर्यंत वाडीत चार म्हाताऱ्या आणि कुत्री उरतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणसं कामाच्या शोधात निघालीत असंच मला वाटलं होतं. शेजारी उभ्या असलेल्या मामांनी माझी दुरुस्ती केली, “शोधाया नाय, फेडाया चाललोत.”

पैसे गणपतीतच येऊन गेले होते. लावणी संपलेली, कापणी लांब, घरात तांदूळ नाही, अशा भाद्रपदात वीटभट्टीचा मुकादम वाडीत येतो. कुणाला पाच हजार, कुणाला दहा, कुणाच्या आजारपणाला जास्त. कागद नाही, अंगठा नाही, आधार कार्ड नाही. वहीत नाव आणि आकडा, बस्स. दिवाळीनंतर टेम्पो येतो तो त्या आकड्याला न्यायला.

त्याच वर्षी आम्ही दोघातिघांनी वाडीतल्या अकरा घरांचे काममागणीचे अर्ज, म्हणजे रोजगार हमीचा नमुना ४, भरून ग्रामपंचायतीत नेले होते. पोच म्हणून नमुना ५ मिळायला हवा. मिळालं ते “ठेवून जा, साहेब आले की बघतील.” तीन खेपांनंतर पोच मिळाली. डोंगराच्या उतारावर समतल चर खोदण्याचं काम निघालं ते डिसेंबर संपता संपता. तोवर अकरापैकी आठ घरं भिवंडीच्या अंगाला भट्टीवर पोचली होती. उरलेल्या तीन घरांनी चर खोदले. दोघांचे पैसे मार्चमध्ये खात्यात आले. तिसऱ्या बाईचे अडकले, कारण जॉबकार्डावरच्या आणि आधारवरच्या नावात एका वेलांटीचा फरक निघाला. पुढच्या वर्षी पंचायतीत ऐकायला मिळालं की या वाडीतून कामाला मागणीच नसते, ही माणसं भट्टीवर जाणारी.

आदिवासींच्या कल्याणावर आणि रोजगारावर महाराष्ट्रात वाद कमी होत नाहीत. पण या दोन प्रसंगांमधलं अंतर त्या वादांत मला क्वचितच दिसतं. एका बाजूचं म्हणणं ठरलेलं: फुकट धान्य, फुकट पैसे देऊन आदिवासींना आळशी केलं, कामाची सवय गेली. दुसऱ्या बाजूचंही ठरलेलं: निधी अपुरा आहे, आहे तो वळवला जातो, वाढवा. पहिल्या बाजूला मी एवढंच सांगेन की पहाटे तीनला उठून थंडीत विटांचा चिखल तुडवणारी नवरा-बायकोची जोडी एकदा जाऊन पाहा, मग आळसावर बोलू. दुसऱ्या बाजूशी माझं भांडण नाही, पण तिचं म्हणणं मला अर्धं वाटतं. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून राज्याच्या योजनेतला सुमारे ९ टक्के वाटा आदिवासी उपयोजनेसाठी, म्हणजे आदिवासींवरच्याच खर्चासाठी, बाजूला काढायचं ठरलं आणि तो खर्चायचा अधिकार आदिवासी विकास विभागाकडे आला. देशात त्याचं कौतुक झालं, ते रास्तही होतं. पैसा किती यावर आपण तीस वर्षं बोलतोय. तो कोणत्या महिन्यात येतो, यावर नाही. वाडीच्या दृष्टीनं सगळा निकाल तिथेच लागतो.

भट्टीचा व्यवहार जवळून पाहिला की हे उमगतं. काम जोडीला मिळतं, म्हणजे नवरा-बायकोला. पोरं हाताखाली आपोआप येतात. मजुरी हजार विटांच्या हिशोबानं. बाजाराच्या दिवशी शेठ, म्हणजे भट्टीमालक, ‘खर्ची’ देतो, तेल-मीठ-तांदळापुरती, आणि ती वहीत चढते. वळवाचा पहिला पाऊस पडला की भट्टी बंद आणि हिशोब सुरू. उचल, म्हणजे भाद्रपदात घेतलेली आगाऊ रक्कम, वजा, खर्ची वजा, भिजून मोडलेल्या विटा वजा. काहींच्या हातात थोडे पैसे पडतात, बऱ्याच जणांच्या नावावर ‘बाकी’ पडते. बाकी पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर टेम्पोला नाही म्हणायची सोय उरत नाही. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी संपवली. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस बांधून घेणं हा त्या कायद्यानं गुन्हाच आहे. त्यानंतरही १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला वसईच्या परिसरात वेठबिगार सोडवत फिरावं लागलं, आणि पार २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवलेली निघाली. एका मुलीचा जीव गेला तेव्हा ते बाहेर आलं.

तेव्हा मला शेठचं कौतुक करायचं नाही. पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे आणि तिच्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे: भाद्रपदात ज्याच्या हातून पैसे येतात, मार्गशीर्षात माणसं त्याची असतात. सरकारची स्पर्धा या माणसाशी आहे. आळसाशी तर मुळीच नाही.

आता सरकारची रीत पाहा. आधी काम, मग हजेरीपट, मग मोजमाप, मग मापपुस्तिकेतली नोंद, दोन सह्या आणि दिल्लीहून खात्यात पैसे. २०२३ पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोची हजेरी. जिथे रेंज यायला टेकडी चढावी लागते तिथे हे काय प्रकरण होतं, ते रोजगार सेवकांना विचारा. जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेली पेमेंट पद्धत सक्तीची. भ्रष्टाचार रोखायला हे आणलं, आणि खोट्या हजेरीपटांचा जुना इतिहास मी नाकारत नाही. पण मुकादमाच्या वहीशी सामना करायला आपण पाठवलं काय, तर हे. मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीच्या, कायद्यात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची तरतूद होती आणि उशीर झाला तर भरपाईचीही. भरपाईचा दर होता थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के, दर दिवसाला. २०२५-२६ चा महाराष्ट्राचा दर ३१२ रुपये रोज. सहा दिवसांचे झाले १,८७२. त्यावर दिवसाची भरपाई ९४ पैसे. महिनाभर थकले तर अठ्ठावीस रुपयांच्या आसपासचं काहीतरी होतं, तेही मिळालं तर.

मेळघाटात हा प्रश्न होळीला येतो. कोरकूंचा सगळ्यांत मोठा सण तो. बाहेर गेलेली माणसं होळीला घरी येतात, बाजार करतात, फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. धारणी-चिखलदऱ्यात रोजगार हमीची कामं राज्यात उठून दिसतील इतकी निघतात, हे मान्यच केलं पाहिजे. तरी होळी तोंडावर आली की ‘मजुरी थकली, होळी अंधारात’ अशी बातमी आलीच म्हणून समजा. बातमी लिहिणाऱ्याला तारीख तेवढी बदलावी लागत असेल. नंदुरबारच्या सातपुड्यातही सण तोच आहे. होळीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते.

गंमत म्हणजे या राज्याला हे कधीकाळी कळत होतं. ‘खावटी’ हा शब्दच घ्या. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या दिवसांत खायला लागतं ते. १९७८ पासून खावटी कर्ज योजना होती. जून ते सप्टेंबर घरात दाणा नसतो, सावकाराच्या दारात जायची वेळ तीच, म्हणून त्याच दिवसांसाठी धान्य आणि रोकड. आखणाऱ्याला वाडीचं वर्ष माहीत होतं. ही सरकारची उचलच म्हणायची. कर्ज फिटत नसे, वेळोवेळी माफ करावं लागे, आणि बऱ्याच वेळा ते वेळेवर मिळतही नसे. शेवटी योजना मागे पडली. २०२० मध्ये, कोरोनाच्या तडाख्यात, ती खावटी अनुदान म्हणून परत आली: कुटुंबामागे ४,००० रुपये, पैकी २,००० खात्यात आणि २,००० ची वस्तू. शासन निर्णय निघाला त्या सप्टेंबरात. आणि मग खरेदीच्या निविदा, वस्तूंच्या दर्जावरून वाद, लाभार्थ्यांच्या याद्या यांत पुढचं वर्ष उजाडलं. मटकी, चवळी, तूरडाळ, शेंगदाणा तेल, गरम मसाला, चहापत्ती असं सगळं त्या पिशवीत होतं. गरम मसाल्याचा विचार कुणी केला असेल त्याला माझा नमस्कार. उपासमार मात्र एक पावसाळा आधीच होऊन गेली होती.

वस्तू द्यावी की रोख, हा मंत्रालयातला आवडता वाद. २००४ ते २००९ या काळातल्या आदिवासी योजनांच्या वस्तू-खरेदीची चौकशी उच्च न्यायालयाला न्यायमूर्ती गायकवाड समितीकडे सोपवावी लागली, म्हणून ‘रोखच बरी’ म्हणणाऱ्यांची बाजू वजनदार आहे. पण २०१८ मध्ये वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. महिन्याचे पैसे तीन महिन्यांनी आले तर मेसवाला काय ऐकणार? हा प्रश्नही रोख की वस्तू याचा नव्हता, तारखेचा होता.

सरकारला तारखा पाळता येत नाहीत, यंत्रणाच मोठी आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे पैसे रक्षाबंधनाच्या आधी खात्यात पडले. ऑक्टोबरमध्ये तर ऑक्टोबरसोबत नोव्हेंबरचा हप्ताही आगाऊ दिला गेला, आचारसंहिता लागायच्या आत. आगाऊ! वाडीच्या भाषेत याला उचल म्हणतात. आमच्या त्या वाडीतल्या बायकांनाही हे पैसे मिळाले, त्या खूश होत्या, आणि त्यांच्या खुशीवर नाक मुरडायचा अधिकार मला नाही. पण कोट्यवधी खात्यांत सणाच्या आधी पैसे टाकणारं यंत्र आणि चर खोदलेल्या तीन घरांचे पैसे मार्चपर्यंत, एकीचे त्याहीपुढे, अडकवणारं यंत्र शेवटी सरकारचंच आहे. पुढे २०२५ मध्ये याच योजनेसाठी आदिवासी विकास विभागाचे काहीशे कोटी वळवले म्हणून सरकारातच कुरबुर झाली. वाद झाला तो रकमेवर. एका योजनेनं पंचांग पाळलं आणि दुसरीनं नाही, यावर कुणी बोललं नाही.

आता नोकऱ्यांकडे. राजकारण खरं तापतं ते इथे. पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रातली, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्य सेवक अशी सतरा संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासींतून भरायची, हे राज्यपालांच्या अधिसूचनेनं ठरलेलं. भरती न्यायालयीन वादात अडकली, परीक्षा देऊन निवड झालेली पोरं घरी बसली, नाशिकमध्ये उपोषणं झाली. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. ती जाळी २०१८ मध्ये बसवलेली, आत्महत्या करायला येणाऱ्यांसाठी. घटनात्मक पदावरच्या माणसाला आपलं म्हणणं ऐकवायला तिच्यात पडावं लागलं. त्यानंतर तोडगा निघाला तो मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुकांचा.

शेजारी हे ठेवून पाहा. बनावट किंवा अवैध जात प्रमाणपत्रावर अनुसूचित जमातीच्या जागा बळकावलेल्यांना संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये स्वच्छ सांगितलं. राज्यात अशा सुमारे १२,५०० जागा रिकाम्या करून खऱ्या आदिवासींना द्यायच्या होत्या. सरकारनं डिसेंबर २०१९ मध्ये मार्ग काढला: त्या कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर अकरा महिन्यांसाठी घ्यायचं. मुदत पुढे वाढत गेली. ज्याची जागाच नाही त्याच्यासाठी नवं पद निर्माण होतं, आणि ज्याची निवड झाली त्याला मानधन. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांतली पदं बाह्यस्रोतातून भरायला निघाले तेव्हा वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबलेल्या कर्मचाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केलं. रस्त्यावर चुली, पावसात ताडपत्र्या. टेम्पोतल्या बिऱ्हाडात आणि या बिऱ्हाडात मला फार फरक दिसत नाही, शिक्षण सोडलं तर.

आणि तरी, आमच्या वाडीपुरतं बोलायचं तर हा सगळा वाद तिच्या वेशीबाहेरून जातो. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बळ आदिम जमातींपैकी एक म्हणजे कातकरी, त्यांची एवढी मोठी वस्ती या जिल्ह्यात, आणि इथे ना पेसाची ग्रामसभा, ना सतरा संवर्गांची भरती, ना २०१५ पासून पेसा गावांना थेट मिळणारा पाच टक्के अबंध निधी, म्हणजे ग्रामसभेला आपल्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा. कैक वाड्यांखालची जमीन अजून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. तलाठ्याची नोकरी कुणाला, या प्रश्नाआधी इथे दहावीपर्यंत पोचलेलं पोर शोधावं लागतं, कारण दिवाळी ते मे ते भट्टीवर असतं. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तीही शाळेच्या वेळापत्रकानं चालते, टेम्पोच्या नाही. मानधन की कायम, या भांडणात मी निवड झालेल्या पोरांच्या बाजूचा आहेच, पण हे भांडण जिंकलं तरी भट्टीची वही बंद होणार नाही, हे त्यांच्या नेत्यांनीही बोलावं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. चर्चा रंगली ती नावावरून: गांधींचं नाव गेलं, ‘जी राम जी’ आलं. आतलं पाहिलं तर दिवस १०० चे १२५ झाले, खर्चाचा ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला आणि शेतीच्या हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील अशी तरतूद आली. १२५ दिवसांचं अप्रूप महाराष्ट्रानं तरी करू नये. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या १९७७ च्या आपल्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती. केंद्राचे शंभर दिवस संपल्यावर पुढचा खर्च राज्यानं करायचा, असंच आपल्याकडे होतं. कागदावर आपण ३६५ दिवसांचे धनी आहोत. खरी धास्ती त्या साठ दिवसांची. लावणीला मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. पण ते साठ दिवस श्रावण-भाद्रपदावर पडले, जेव्हा लावणी होऊन गेलेली असते आणि दुसरं कामही नसतं, तर मुकादमाला आणखी मोकळं रान मिळेल. तारखा जिल्ह्यात बसून ठरवणार असाल तर त्या वाडीचं पंचांग समोर ठेवून ठरवा.

माझं मागणं फार मोठं नाही. वाडीच्या ग्रामसभेच्या किंवा मजूर गटाच्या खात्यात एक फिरता निधी ठेवा. हजेरीपट बंद झाला की बाजाराच्या दिवशी मजुरी त्यातून चुकती करा. दिल्लीचे पैसे येतील तेव्हा येतील, ते त्या निधीत भरा. वाट पाहायची असेल तर सरकारनं सरकारची पाहावी, मजुरानं नाही. आणि भाद्रपदात, खावटीच्या मूळ कल्पनेप्रमाणे, ज्या घराचं जॉबकार्ड आहे त्याला पुढच्या कामापोटी पंधरा दिवसांची मजुरी आगाऊ द्या. पेसा गावांत अबंध निधी आहेच, तिथून सुरुवात करता येईल. रायगडसारख्या जिल्ह्यासाठी वेगळी तरतूद लागेल.

पैसे बुडतील, असं पहिलं उत्तर येईल. काही बुडतील. खावटी कर्ज बुडलंच होतं. पण शेठचेही बुडतात. एखादी जोडी भट्टीवरून रात्रीत पळते, कुणी मरतं, कुणी दुसऱ्या मुकादमाकडे जातं. तरी तो दर भाद्रपदात येतो, कारण बुडीत धरूनही त्याचा हिशोब जमतो. पंधरा दिवसांची मजुरी साडेचार हजारांच्या जरा वर जाते. वाडीतल्या तीस घरांना धरली तर दीड लाखाच्या आत. दुसरं उत्तर येईल की गावातले पुढारी खातील. ते खातातच, पण भिंतीवर रंगवलेला हिशोब आणि महिन्याची सभा यांच्यासमोर खाणं अवघड जातं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये वाहतूक परवान्यासह स्वतःचा बांबू स्वतः विकला. लाखांचे व्यवहार सभेत बसून करणारी गोंड माणसं आहेत. कातकऱ्यांना आठवड्याचा हजेरीपट जमणार नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी वीट मोजणारी कातकरी बाई पाहिलेली नाही. थापीच्या रांगांवरून नुसती नजर फिरवून ती आकडा सांगते. शेठच्या वहीत तो कमी लागतो ही गोष्ट वेगळी, तिला ते माहीत असतं.

गेल्या वर्षी वाडीत पीएम-जनमनची घरं मंजूर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिम जमातींसाठी सुरू झालेली ही मोहीम. घराला दोन लाख, टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवल्यावर पुढचा हप्ता. बांधकामाचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच, दिवाळी ते मे. मामांच्या घराचा जोता झाला आणि टेम्पो आला. त्या हंगामात मामा-मामींनी किती विटा पाडल्या, ते मामींनी मला बोटांवर मोजून सांगितलं. लाखाच्या वर होत्या. जूनमध्ये ते परतले तेव्हा जोत्यावर टाकळा उगवला होता, आणि शेठच्या वहीत त्यांच्या नावासमोर बाकी होती सहा हजार दोनशे.